आग दादाची, धूर धाकट्याचा

वाटणीत घर सरळ मधोमध दुभंगलं, झाडं आपापल्या जागी गप्प उभी राहिली, मोरीसुद्धा कुणाच्या बाजूला जायचं ते समजूतदारपणे ठरवून बसली. अडलं ते फक्त इंजिनापाशी.

इंजिन म्हणजे काही खरं इंजिन नव्हे. परसात चार लोखंडी पायांवर आडवं टाकलेलं लांबलचक पिंप, उजव्या टोकाला धुराडं, आणि डाव्या टोकाला चिकटवलेली एक लोखंडी पेटी. पेटीत लाकडं जळायची. पेटी आणि पिंप यांच्यामध्ये एक भोक होतं, त्याला गळा म्हणायचे. त्या गळ्यातून धग आणि धूर पिंपात शिरायचे, जाळीवर ठेवलेली कोंबडी दुपारभर सावकाश धुरावत शिजायची, आणि उरलेला धूर धुराड्यातून बाहेर पडून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन बसायचा. दोघा भावांनी ते तरुणपणी स्वतःच्या हातांनी जोडलं होतं. दिसायला अगदी आगगाडीचं जुनं इंजिन. फरक एवढाच, की ते जागचं हलत नसे.

मोजणीच्या दिवशी नेमकं हेच नडलं. मोजणीदारानं दोरी ताणली ती बरोबर इंजिनाच्या गळ्यावरून गेली.

"हे हलवा," मोजणीदार म्हणाला.

"त्याला सांगा," दादा म्हणाला.

"त्याला सांगा," धाकटा म्हणाला.

मोजणीदारानं दोघांनाही सांगितलं. कुणीच हललं नाही, इंजिन तर नाहीच नाही. शेवटी गवंड्यानं गळ्याभोवती विटा रचून भिंत पुढे नेली. पेटी दादाच्या परसात राहिली, पिंप आणि धुराडं धाकट्याच्या.

"ठीक आहे," धाकटा म्हणाला, "आग तुझी, धूर माझा." हे त्याचं दादाशी बोललेलं शेवटचं वाक्य. वाक्य चांगलं झालं म्हणून त्याला तेव्हा बरंही वाटलं होतं.

भांडण कशावरून झालं ते विचारू नये. धाकट्याच्या मते ते पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून झालं. दादाच्या मते झाकणावरून नव्हे, ते झाकण उघडं कुणी ठेवलं यावरून झालं. हा मतभेद मिटायच्या आत भिंतीचा गिलावा वाळला.

भिंत झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मात्र धाकट्याच्या परसातलं पिंप आपोआप तापू लागलं. पलीकडे दादानं पेटी पेटवली होती. ही घुसखोरी समजायची की आमंत्रण, यावर धाकटा गंभीरपणे विचार करत उभा राहिला; तेवढ्यात बायकोनं कोंबडी आणून जाळीवर ठेवली आणि प्रश्न निकालात काढला. शिजल्यावर अर्धी तिनं डब्यात भरून भिंतीवरून वहिनीला दिली. जावाजावांचं काही भांडण नव्हतं. त्या रोज भिंतीपाशी बोलत उभ्या राहायच्या. उलट आता टेकायला काहीतरी मिळालं होतं.

तेव्हापासून दर रविवारी हे चाललं. एक भाऊ पलीकडे आग सांभाळतोय, दुसरा अलीकडे कोंबडी, आणि मध्ये अबोला. काम अडत नसे, कारण त्यांची एक जुनी खूण होती. भावांच्या तरुणपणी वडील दुपारी झोपायचे आणि हाका मारलेल्या त्यांना खपत नसत, म्हणून दोघं चिमट्यानं लोखंडावर टकटक करायचे. एक ठोका म्हणजे आच वाढव. दोन म्हणजे कमी कर. आणखीही एखादी खूण असावी, पण ती वापरात न राहिल्यानं गंजून गेली होती. आच वाढव आणि कमी कर, एवढ्या दोन शब्दांवर दोघा भावांचा संसार सुरळीत चालला होता. पुष्कळ नवरा-बायकोंचा याहून कमी शब्दांवर चालतो.

धाकटा आता पन्नाशीला आला होता, टक्कल पडलं होतं, तरी गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत. तो विमा कंपनीत आगीचे दावे तपासायचा. जळालेल्या गोदामात शिरायचं, भिंतीवरची काजळी बघायची आणि आग कुठे लागली, कशी पसरली, मालकाला ती आधीपासून ठाऊक होती का, ते सांगायचं. "माणूस खोटं बोलेल, काजळी बोलत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. जेवताना पोळीवर डाग दिसला तरी तो ते म्हणायचा. बायको म्हणायची, "मग काजळीलाच वाढायला सांगा."

आणि या माणसाच्या इंजिनात आच बिघडली.

झालं असं, की डावीकडची, म्हणजे गळ्याजवळची कोंबडी कोळसा होऊ लागली आणि उजवीकडची, धुराड्याजवळची, कच्ची राहू लागली. मधली तेवढी खाण्यासारखी, आणि मधली म्हणजे किती, तर पाहुणा आला तर घरच्यांनी भूक नाही म्हणावं इतकी. धाकट्यानं दोन ठोके दिले. आच कमी झाली नाही. परत दोन दिले. बऱ्याच वेळानं ती अशी कमी झाली की विझलीच. मग एक ठोका दिला. पुष्कळ वेळ काही नाही, आणि मग पेटीत कुणीतरी सगळी लाकडं एकदमच कोंबावीत तसा भडका.

"मुद्दाम करतोय," धाकटा म्हणाला.

"अहो, मुद्दाम कशाला करतील?" बायको म्हणाली. "वहिनी सांगत होत्या, दादांना हल्ली फार दम लागतो."

"त्यानं आयुष्यभर दुसरं काय केलंय? मला दमच दिलाय."

"दम लागतो म्हणाले मी. देतात असं नाही."

"लागो नाहीतर देवो, माझी कोंबडी करपते."

बायकोनं पुढे काही म्हटलं नाही. वहिनीनंच तिला बजावून ठेवलं होतं, की यापुढचं काही सांगितलंस तर हे मला घराबाहेर काढतील.

दादाशी बोलायचं नाही, म्हणजे दुरुस्ती आपल्याच बाजूनं करायची, असं धाकट्यानं ठरवलं. पेटीला हवा घ्यायची एक झडप होती, ती खाली जमिनीलगत. तीच थोडी उघडझाक केली तर आच हवी तशी राहते, हे त्यालाही माहीत होतं. पण झडप दादाच्या परसात. तेव्हा झडप सोडून बाकी सगळं दुरुस्त करायचं ठरलं.

आधी पुरावा हवा. त्यानं सगळ्या जाळीवर पावाच्या चकत्या एकीला एक लावून मांडल्या आणि झाकण लावलं. थोड्या वेळानं उघडलं तर डावीकडच्या चकत्या काळ्याठिक्कर, मग तपकिरी, मग बदामी, आणि उजवीकडच्या दुकानातून आणल्या तशा. धाकट्यानं फोटो काढले आणि कागदावर लिहिलं: नुकसान डावीकडून सुरू होऊन उजवीकडे ओसरत गेले. कारण: मानवी. हेतू: संशयास्पद.

"आणि पावांचा काय गुन्हा होता?" बायकोनं विचारलं.

याच सुमारास सल्लागारांचा प्रवेश झाला. ते उजव्या बाजूचे शेजारी. त्यांना कुणी सल्लागार नेमलं नव्हतं, पण त्यांनी ती जागा कधी रिकामीही ठेवली नव्हती. आयुष्यभर ते एका कचेरीत पंख्याखाली बसले होते, त्यामुळे हवा या विषयावर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटे.

"धाकटेराव, प्रश्न ओढीचा आहे," ते कुंपणावर कोपर टेकून म्हणाले. "धुराडं उंच करा. धुराडं जितकं उंच तितकी ओढ जास्त. धग आपसूक उजवीकडे येणार."

धाकट्यानं वेल्डरला बोलावलं. हा वेल्डर कशालाच नाही म्हणत नसे. त्याला विचारलं, की धुराडं दुप्पट उंच होईल का, तर म्हणाला, "होऊन जाईल." पडणार तर नाही ना, तरी म्हणाला, "होऊन जाईल." धुराडं दुप्पट झालं. आता धूर शेजाऱ्यांच्या कपड्यांवरून जाऊन पलीकडच्या गल्लीतल्या कपड्यांत बसू लागला, आणि त्या गल्लीतल्या कुणीतरी नगरपालिकेत तक्रार केली.

कचेरीतला कारकून सभ्य होता. त्यानं धाकट्याला खुर्ची दिली, त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग पेनाचं टोपण काढता काढता थांबला.

"म्हणजे धूर तुमच्या घरातून निघतो."

"हो."

"आणि आग?"

"आग शेजारच्या घरात."

"शेजाऱ्यांना माहीत आहे?"

"तेच लावतात."

कारकुनानं टोपण परत लावलं. "साहेब, तुमचा हा धूर आमच्याकडे नोंदवता येत नाही. नियमात धूर आणि आग एका पत्त्यावर लागतात. तुमच्याकडे नुसता धूर आहे. असं करा, आगीच्या मालकाची लेखी ना-हरकत आणा."

"मालक माझा भाऊ आहे."

"मग तर प्रश्नच मिटला!" कारकून मनापासून खूश झाला.

धाकटा घरी आला आणि त्यानं धुराडं परत कापून बुटकं केलं. पंचवीस वर्षं त्यानं लोकांचे दावे फेटाळले होते. इतक्या गोड शब्दांत आपला फेटाळला जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो भिंतीजवळ उगाच थोडा वेळ उभा राहिला. पलीकडे दादा खोकत होता. सही मागायची तर हाक मारावी लागणार. धाकट्यानं घसा खाकरला. पलीकडचा खोकला थांबला. दोघं बराच वेळ भिंतीच्या दोन बाजूंना श्वास रोखून उभे राहिले, आणि मग धाकटा आत निघून गेला.

"आता एकच उपाय," सल्लागार म्हणाले. "पत्रा. गळ्याच्या तोंडाशी आतून पत्रा लावा. धग आली की पत्र्यावर आपटणार, खाली वळणार, आणि जाळीखालून सगळीकडे सारखी पसरणार. हवेचं असंच असतं. तिला अडवलं की ती शहाणी होते."

कल्पना वाईट नव्हती. पत्रा मात्र वाईट निघाला. धाकट्यानं पिंपात डोकं घालून माप घेतलं, पण गळ्याभोवती गवंड्यानं केलेला गिलावा मापात धरायचा राहिला. वेल्डरनं पत्रा बसवला तेव्हा तो खाली मोकळा राहण्याऐवजी विटांवर जाऊन घट्ट टेकला. "हवा जाईल ना यातून?" धाकट्यानं विचारलं.

"होऊन जाईल."

रविवार उजाडला. बायको आणि वहिनी दोघी मिळून बाजारात गेल्या. पलीकडे पेटी पेटली. धाकट्यानं जाळीवर कोंबडी मांडली आणि झाकण लावून खुर्ची टाकून बसला. सल्लागार कुंपणावर हजर होते.

पिंप कोमटच राहिलं.

धाकट्यानं एक ठोका दिला. पलीकडे लाकूड पडल्याचा आवाज आला. पिंप कोमटच. परत एक ठोका. परत लाकूड. धुराड्यातून धुराची रेघसुद्धा नाही. "ओढ जमतेय हळूहळू," सल्लागार म्हणाले.

आणि तेवढ्यात पलीकडून लोखंडावर टक, टक, टक असे तीन ठोके आले.

धाकटा चकित झाला. पलीकडून कधी ठोके येत नसत. हुकूम नेहमी धुराच्या बाजूनं जायचे, आगीच्या बाजूला फक्त पाळायचे असत.

"तीन म्हणजे काय?" सल्लागारांनी विचारलं.

"काही नाही. एक म्हणजे वाढव, दोन म्हणजे कमी कर. तीन असं काही नाही."

"मग ती शिवी आहे," सल्लागार म्हणाले.

धाकट्याला ते पटलं. परत तीन ठोके आले, आधीपेक्षा हळू. धाकट्याचा स्वाभिमान आधीच कचेरीत जाऊन पोळून आला होता. तो उठला, चिमटा उचलला आणि पिंपावर चांगले खणखणीत चार ठोके दिले. चारचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता. पण तीनपेक्षा चार जास्त, एवढं त्याला कळत होतं.

पलीकडे शांत झालं. "बसला गप्प," धाकटा म्हणाला आणि खुर्चीत टेकला.

तो तसाच बसला होता तेव्हा बाजारातून आलेल्या वहिनीची किंकाळी भिंतीवरून आली. "भावोजी! अहो भावोजी, धावा!"

भिंतीवरून चढायला धाकट्याचं पोट आड आलं. तो पुढच्या दारानं निघाला, सगळी गल्ली वळून दादाच्या फाटकातून आत शिरला. इतक्या वर्षांत या फाटकातून तो आत गेला नव्हता. फाटकाची कडी उलटी उघडते हे हाताला आठवत होतं, डोक्याला नाही. परसात धूर असा भरला होता की काही दिसत नव्हतं. पिंपात जागा न मिळालेला सगळा धूर पेटीच्या तोंडातून उलटा येत होता, आणि पेटीजवळच्या बुटक्या स्टुलावर दादा एका हातानं छाती धरून वाकला होता. दुसऱ्या हातात चिमटा होता.

इस्पितळात डॉक्टरनं धाकट्याला बाजूला घेतलं. धाकटा आपणहून म्हणाला, "मी केलं. पत्रा लावला मी." डॉक्टरला पत्र्याचं काही कळलं नाही. ती म्हणाली, "धुरानं आज त्रास झाला, पण फुप्फुसं फार आधीपासून गेलेली आहेत. किती दिवस हे ते लपवत होते? चार पावलं चालणं, खाली वाकणं, यांना जमतच नसणार. तुम्ही जवळ राहता ना? काहीच दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसत होतं," धाकटा म्हणाला. "दर रविवारी."

डावीकडे कोळसा, उजवीकडे कच्चं. झडपेशी वाकता येत नाही म्हणून उघडी ती उघडीच. परत परत उठवत नाही म्हणून लाकडं एकदमच टाकलेली. सगळं लिहून ठेवल्यासारखं स्पष्ट होतं, आणि आयुष्यभर काजळी वाचलेल्या माणसानं त्याखाली सही करून लिहिलं होतं: हेतू संशयास्पद. एवढा मोठा हवेचा प्रश्न, आणि तो होता एका वाकण्याचा.

दादाच्या नाकात नळी होती. धाकटा खाटेशी जाऊन उभा राहिला. दादाच आधी म्हणाला, "डावीकडची करपत होती ना?"

"हो."

"वाटलंच मला. डब्यात तू आम्हाला मधली पाठवायचास."

"ती बायको भरते."

"बरं," दादा म्हणाला. थोडा दम घेतला. "तीन वाजवले होते रे मी."

"मला वाटलं शिवी दिलीस."

दादा हसला आणि ते हसणं खोकल्यात गेलं. वहिनीनं पाठ चोळली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "गाढवा, तीन म्हणजे झालं. झालं, ये."

आणि धाकट्याला आठवलं. तो गल्लीत चेंडू खेळत असायचा, परसातून तीन ठोके यायचे, आणि तो डाव अर्धा टाकून पळत सुटायचा, कारण दादानं पहिला तुकडा त्याच्यासाठी काढून ठेवलेला असायचा. भिंत झाल्यावर कुणाला बोलवायचं उरलं नव्हतं, म्हणून ती खूण तेवढी विसरली गेली होती.

"आणि चार म्हणजे काय?" दादानं विचारलं.

"चार म्हणजे काही नाही."

"मग वाजवलेस कशाला?"

धाकट्यानं दादाच्या पायावरची चादर सारखी केली.

घरी आणल्यावर दादाची खाट मागच्या खिडकीशी ठेवली. धाकटा आता रोज गल्ली वळून फाटकातून येई. भिंत पाडावी असं दोघांच्याही मनात होतं, पण भिंत पाडली तर गळाच सुटेल, असं दादाचं म्हणणं पडलं, आणि त्यांनी त्यावर थोडं भांडूनही घेतलं. पत्रा धाकट्यानं रागानं उपटून काढला होता, तो दादानं फेकू दिला नाही.

"खालून अर्धा काप आणि परत लाव. कल्पना चांगली आहे."

दादानं आपलं काही चांगलं म्हटल्याचं धाकट्याला आठवत नव्हतं. कल्पना सल्लागारांची होती, हे सांगायचं त्यानं टाळलं.

मग एका रविवारी दादा म्हणाला, "पेटव."

"डॉक्टर मारेल मला."

"खिडकी बंद कर. काचेतून बघतो. वारा तुझ्या बाजूला आहे." वहिनीकडे बघून म्हणाला, "मी नुसता बघणार." वहिनीनं खिडकीच्या फटींना ओल्या फडक्याच्या चिंध्या लावल्या, एकेक, सावकाश.

धाकटा दादाच्या स्टुलावर बसला. भिंतीपलीकडे त्याची बायको कोंबडी घेऊन उभी राहिली. पेटी पेटली. काचेआड दादा उशीला टेकून बसला होता, चष्मा लावून, हातात अंगठी. अंगठी बोटात राहत नव्हती म्हणून त्यानं ती चिमटीत धरली होती, आणि तीच तो काचेवर वाजवत होता. टक. धाकट्यानं वाकून झडप उघडली. टकटक. धाकट्यानं वाकून झडप ओढली. इतक्या वेळा वाकून त्याची कंबर धरली, पण काचेकडे बघून तो परत वाकत होता. टक. टकटक. टक.

"अहो!" पलीकडून बायको ओरडली. "सगळी सारखी होतेय! डावी-उजवी एकसारखी! रंग बघा काय आलाय!"

धाकट्यानं वळून खिडकीकडे हात हलवला. दादानं ऐकलं असावं. तो हसत होता.

आता फक्त तीन यायचे बाकी होते. धाकटा चिमटा खाली ठेवून, लहान पोरासारखा पाय ओढून स्टुलावर बसला. कधी उठून पळायचं, एवढंच आता त्याला बघायचं होतं. पेटीतली लाकडं निखारा झाली. निखाऱ्यांवर राख धरली. काचेवर आवाज झाला नाही.

त्यानं वर बघितलं. दादाचं डोकं काचेला टेकलं होतं. वहिनी त्याच्याजवळ बसली होती. दादाला झोप लागली की ती रोज त्याचा चष्मा काढून उशाशी ठेवायची. आज तिनं तो काढला, मिटला, आणि स्वतःच्या मुठीत घट्ट धरून ठेवला. मग तिनं काचेतून धाकट्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

धाकटा उठला नाही. त्यानं पेटीत एक लाकूड सरकवलं. मग वाकून झडप थोडी उघडली.

"अहो," बायको भिंतीपलीकडून म्हणाली, "झालं का? काढू का मी?"

"थांब."

"करपेल आता."

"थांब जरा," धाकटा म्हणाला. "अजून तीन वाजले नाहीत."

"काहीतरीच काय बोलता?" ती म्हणाली. "तीन कधीच वाजून गेले. चार वाजलेत."